चहा तोच, पण माथेरानचा

नेरळहून टॅक्सी घाट चढते आणि दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे मोटारींना बंदी. खिडकीवर माणशी कर भरायचा, पावती घ्यायची, अंगावर येणाऱ्या घोडेवाल्यांना ‘नको, चालतोय’ असं चारदा सांगायचं आणि तांबड्या मातीच्या वाटेला लागायचं. मुख्य बाजार तिथून अडीच-तीन किलोमीटर. मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जण असे निघालो. निम्म्या वाटेवर सासूबाई एका टपरीपाशी टेकल्या, म्हणून सगळ्यांनीच चहा घेतला. चहा गोडमिट्ट होता, पातळ होता आणि वाजवीपेक्षा बराच महाग होता. घरी साखर अर्धा चमचा जास्त पडली तर एक शब्द न बोलता कप बाजूला सरकवणाऱ्या आमच्या सासूबाई दोन घोट घेऊन म्हणाल्या, “काय सुरेख केलाय गं चहा याने!” मुलाने त्या चहाचा फोटो काढला.

आदल्या रविवारी हीच पाच माणसं ठाण्याच्या घरी गॅलरीत चहा पीत होती. तोही सुट्टीचाच दिवस. कुणाला कुठे जायचं नव्हतं, चहा मापात होता, हवाही बरी होती. त्या चहाचा फोटो कुणी काढला नाही आणि तो कसा झाला होता, हे आज आमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही. या दोन चहांमध्ये नेमका काय फरक पडला, त्याचा शोध म्हणजे हे प्रकरण.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने पर्यटकाची व्याख्या करून ठेवली आहे. आकडेवारीसाठी ती लागतेच. जो आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर जातो, एक वर्षापेक्षा कमी काळासाठी जातो, तिथल्या मालकाकडे नोकरीला जात नाही आणि किमान एक रात्र मुक्काम करतो, तो पर्यटक. रात्र न काढता परतला तर तो एका दिवसाचा पाहुणा. हा भेद मराठीला नवा नाही. डबा घेऊन जाऊन संध्याकाळी परतायचं ती सहल, आणि सामान बांधावं लागलं की मुक्कामाची ट्रिप. व्याख्येत डोंगर नाही, समुद्र नाही, आनंद तर नाहीच. फक्त ‘नेहमीचा परिसर’ सोडण्याची अट आहे. माणूस कुठे पोहोचला यापेक्षा त्याने काय मागे टाकलं, हे तिथे मोजलं जातं. कोरडी सरकारी व्याख्या, पण मुद्द्याच्या फार जवळ जाते.

अर्थात ती आपल्याकडे आणली की जरा अडखळते. गणपतीला गाडीला लोंबकळत कोकणात जाणारा चाकरमानी या व्याख्येत अगदी चपखल पर्यटक ठरतो. त्याला तसं म्हणून पाहा! तो ‘गावी’ चाललेला असतो. त्याच्या मते परका परिसर म्हणजे गिरगाव किंवा भांडुप, जिथे तो वर्षाचे साडेअकरा महिने काढतो. यात्रा, देवदर्शन, हवापालट, गावी जाणं, फिरायला जाणं हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकात माणूस वेगळ्या मनाने घराबाहेर पडतो.

आधी घरच्या विरंगुळ्याचं पाहू. ‘फावला वेळ’ हा आपला शब्द मला फार अचूक वाटतो. हा वेळ कुणी दिलेला नसतो, तो फावतो. दोन कामांच्या फटीत सापडतो आणि फट बुजली की जातो. फुरसत म्हणजे घड्याळात उरलेली मिनिटं नव्हेत, ती मनाची अवस्था आहे, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूलिंगर यांनी १९७४ साली मांडलं. जे करतोय ते आपण आपल्या मर्जीने करतोय असं वाटलं, तर ती फुरसत. या मोजपट्टीने गॅलरीतला माझा चहा तपासला तर तो नापास होतो. कप हातात असतो आणि कान कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कसा खर्च होतो याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. एवढी तफावत असताना ‘घरी निवांत बसणं’ या शब्दांचा अर्थ एकाच घरातल्या दोन माणसांना एकच कसा असेल? नवरा ऑफिसातून घरी येतो, तेव्हा तो कामाच्या जागेतून विश्रांतीच्या जागेत येतो. बाईचं घर हीच कामाची जागा. तिला विश्रांती हवी असेल तर घराबाहेर पडणं भाग आहे. माथेरानच्या हॉटेलात पहिल्या रात्री काय जेवलो, हे सासूबाईंना आठवत नाही. ‘पोळी गरम आणून वाढत होता तो मुलगा’ एवढं मात्र त्या अजून सांगतात. चार तपं स्वतः वाढत आलेल्या बाईला आयतं ताट हेच प्रेक्षणीय स्थळ असतं. तो चहा सुरेख का लागला, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. तो त्यांनी केलेला नव्हता, मीही केलेला नव्हता.

तरी घरच्या विरंगुळ्याला कमी लेखू नये. कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसणारी चार माणसं पाहा. तीच जागा, तेच विनोद, महापालिकेला त्याच शिव्या. तिथे नवं काही घडलं तर उलट अडचणच होते. पाचवा माणूस येऊन बसला तर गप्पा जरा आखडतात. भजनी मंडळ, रोजचा फेरफटका, दुपारी पाय पसरून पाहिलेली मालिका, या सगळ्यांचा गोडवा पुन्हा पुन्हा होण्यात आहे. माणूस आपल्या ओळखीच्या जगात आणखी थोडा मुरत जातो. प्रवासाचा सगळा व्यवहार याच्या उलट. मुरलेल्या माणसाला उचलून तो कोरं करू पाहतो.

हे कसं होतं, याचं सगळ्यात जुनं आणि मला पटलेलं स्पष्टीकरण पर्यटनाच्या अभ्यासातून आलेलंच नाही. अर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली जगभरच्या संस्कारविधींवर एक पुस्तक लिहिलं. मुंज असो, लग्न असो की सुतक, या विधींचे तीन टप्पे असतात, असं त्याच्या ध्यानात आलं. आधी माणसाला नेहमीच्या जगातून बाजूला काढतात. मग तो काही काळ ना इकडचा ना तिकडचा, उंबऱ्यावर राहतो. शेवटी त्याला परत आत घेतात. व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने पुढे या मधल्या उंबऱ्यावरच्या अवस्थेचाच ध्यास घेतला. तिथे हुद्दे गळतात, नियम सैल होतात, अनोळखी माणसं एकाएकी जवळची वाटू लागतात. १९७७ साली नेल्सन ग्रेबर्न यांनी हाच आराखडा सुट्टीच्या प्रवासाला लावला. त्यांच्या मते आधुनिक माणसाचं वर्षही साधे दिवस आणि विशेष दिवस असं विभागलेलं असतं. पूर्वी विशेष दिवस सणांचे होते, आता त्यांत सहली आल्या.

मराठी घरात हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. निघणाऱ्याच्या हातावर दही पडतं. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. पाय उंबऱ्याबाहेर टाकतानाच परत येण्याचा शब्द घेऊन ठेवलेला असतो. दस्तुरी नाका हा तर शब्दशः उंबरा. चपला काढून देवळात शिरावं, तशी गाडी सोडून माथेरानात शिरायचं. हॉर्न बंद होतो आणि आपण किती वेळ तो ऐकत होतो, हे तेव्हा कळतं. माझा नवरा घरी रस्ता ओलांडतानाही फोनकडे बघतो. त्याने वाटेत दोनदा थांबून झाडावर कुठला पक्षी ओरडतोय याची चौकशी केली. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, हे सोडा.

टर्नरचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. यात्रांवर लिहिताना त्याने पंढरपूरची वारी विचारात घेतली आणि त्यासाठी इरावती कर्वे यांच्या लेखाचा आधार घेतला. इरावतीबाई स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’त आहे आणि त्याचं इंग्रजी रूप १९६२ साली एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालं. टर्नरला यात्रेत माणसामाणसातल्या भिंती विरघळताना दिसत होत्या. इरावतीबाईंनी मात्र पाहिलं की एका वाटेने, एकाच नामाच्या गजरात चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगवेगळे बसतात, आणि ते त्यांना लागलं. अडीचशे किलोमीटर चालूनही घरचा उंबरा माणसं डोक्यावर घेऊनच चालली होती. हा तपशील टर्नरने लपवला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. प्रवासात माणूस मोकळा होतो असं म्हणताना मला दर वेळी ती दोन वेगळी जेवणं आठवतात. उंबऱ्याबाहेर पडणं सोपं, तो आतून उतरवणं अवघड.

माथेरानात पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो, “किती पॉइंट करणार?” घोडेवाल्याचा दर पॉइंटांवर ठरतो. इको, लुइझा, शार्लोट, वन ट्री हिल, पॅनोरमा, आणि सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन. ‘पॉइंट’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो ‘करता’ येतो, ‘होतो’ आणि ‘राहून जातो’. एकेकाळी इथे पॉइंट नव्हते. डोंगर होता, जंगल होतं, वाड्यांतली माणसं होती. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढून आला आणि त्याला जागा आवडली. मग गोऱ्यांचे बंगले आले, कड्यांना नावं मिळाली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या खटपटीतून नेरळहून छोटी गाडी वर आली. कडे तेच होते, पण आता ते क्रमाने पाहण्याच्या जागा झाले.

डीन मॅकॅनल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली पर्यटकावर एक पुस्तक लिहिलं. एखादी साधी जागा ‘प्रेक्षणीय’ कशी होते, याच्या पायऱ्या त्याने त्यात सांगितल्या. आधी तिला नाव मिळतं. मग कठडा, पाटी, चौथरा येऊन ती बाकीच्या जगापासून वेगळी होते. मग तिची चित्रं निघतात, आणि शेवटी तिचं नाव दुसऱ्या गोष्टींना दिलं जातं. आपण जागा पाहतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा आपण जागेची पाटी पाहतो आणि तिच्याशी जागा ताडून घेतो, हा मॅकॅनलचा खवचट पण खरा शेरा. आम्ही पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय पाहिला. त्यासाठी पाचचा गजर लावला, अंधारात धडपडलो, थंडीने काकडलो. ठाण्यात तो सूर्य पारसिकच्या डोंगरामागून रोज उगवतो आणि आमच्या गॅलरीतून दिसतो. वर्षभरात मी तो एकदाही पाहिलेला नाही. तिथे कठडा असला तरी पाटी नाही.

याचं टोकाचं उदाहरण स्वित्झर्लंडातल्या टिटलिस पर्वतावर आहे. तीन हजार मीटरच्या वर, बर्फात, शाहरुख खान आणि काजोल यांचा कापून उभा केलेला पुठ्ठा आहे, १९९५ च्या त्या सिनेमातला. भारतीय पर्यटक आल्प्सकडे पाठ करून त्याच्याशेजारी उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. हसायला सोपं आहे. पण ज्याने आल्प्स पहिल्यांदा दादरच्या किंवा साताऱ्याच्या थिएटरात पाहिले, त्याच्यासाठी खरी जागा कोणती? तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला भेटायला आलेला असतो. डोंगर त्याला घरबसल्याही दिसला असता.

जॉन अरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९९० साली पर्यटकाच्या ‘नजरे’वर लिहिलं. काही नजरांना एकांत लागतो आणि काहींना गर्दी, असा भेद त्याने केला. आमच्या पाच जणांत दोन्ही पक्ष होते. नवऱ्याला लुइझा पॉइंटवर माणसं नको होती. समोर प्रबळगडाचं पठार, खाली दरी आणि शांतता, एवढंच हवं होतं. सासूबाईंना मात्र बाजारपेठेतली झुंबड आवडली. चिक्की, चपला, नव्याने लग्न झालेली जोडपी, हाका. “कुणी नसेल तर आलो कशाला?” त्यांचं म्हणणं. शास्त्र त्यांच्याही बाजूने आहे. जिथे सगळे मजा करायला जमलेले असतात, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या मजेचा पुरावा असतो.

आता जरा अवघड प्रश्न. ही सगळी यातायात माणसाला खरोखर जास्त सुखी करते का?

नेदरलँड्समध्ये येरुन नावाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १,५३० प्रौढांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं. त्यांतले ९७४ जण त्या काळात सुट्टीला जाऊन आले, बाकीचे गेले नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गंमत होती. जाणारे न जाणाऱ्यांपेक्षा जास्त सुखी होते, पण निघण्याआधी. परतल्यावर दोघांत फरक उरला नाही. सुट्टी ‘अगदी निवांत’ गेली असं म्हणणारे तेवढे अपवाद, आणि त्यांचंही जास्तीचं सुख काही आठवड्यांत विरलं. म्हणजे सहलीचं सुख बरंचसं बॅग भरताना भोगून होतं. ज्यांच्या घरी महिनाभर आधीपासून ‘चकल्या किती न्यायच्या’ यावर खल चालतो, त्यांना यात नवल वाटणार नाही. येसिका दे ब्लूम या संशोधक बाईंनी लांब सुट्टीवर गेलेल्या ५४ नोकरदारांना सुट्टी चालू असतानाच प्रश्न विचारले. त्यांची सरासरी रजा २३ दिवसांची होती आणि त्यांचं सुख आठव्या दिवशी सर्वांत वर गेलं. आपल्या दोन रात्री, तीन दिवसांच्या माथेरानात आठवा दिवस येतच नाही. तोपर्यंत आपण ऑफिसात त्याचे फोटो दाखवून झालेलो असतो.

न्यूलिंगरची मोजपट्टी पुन्हा हातात घेतली, तर पर्यटक हा सगळ्यात कमी मोकळा माणूस ठरतो. गजर त्याचा, वेळापत्रक दुसऱ्याचं, आणि खर्च केलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब डोक्यात. ‘इतक्या लांब आलोय तर’ या चार शब्दांनी भारतात जितकी माणसं उन्हात चालवली असतील, तितकी कुठल्या सेनापतीनेही चालवली नसतील. सरकारी नोकरीतल्या पिढीने तर एलटीसी, म्हणजे प्रवासभाड्याची सवलत, वाया जाऊ नये म्हणून देश पाहिला. चार वर्षांचा ब्लॉक संपत आला की कन्याकुमारी ठरायची. माझ्या वडिलांना प्रवासाची अजिबात आवड नव्हती. ते सगळीकडे जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी परतीच्या गाडीची चौकशी त्यांनी पोहोचल्याबरोबर केली, आणि पुढची वीस वर्षं त्याच जागांची वर्णनं त्यांनी पाहुण्यांना रंगवून रंगवून ऐकवली.

ही वडिलांची लबाडी नव्हती. टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली काही प्रवासी मंडळींचा माग काढला. कुणी युरोपला निघाले होते, कुणी कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल-सफरीवर. निघण्यापूर्वी, प्रवासात आणि परतल्यावर त्यांना तेच ते प्रश्न विचारले. अपेक्षा उजळ होती, आठवण उजळ होती, आणि मधला प्रत्यक्ष प्रवास या दोन्हींपेक्षा फिका होता. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सुट्टीवरचा २००३ चा एक अभ्यास याच्याही पुढे जातो. पुन्हा अशी सहल करावीशी वाटते का, हे सहलीत प्रत्यक्ष काय वाटलं त्यावर ठरत नाही, नंतर काय आठवलं त्यावर ठरतं. आमच्या मुलाच्या हातातून दुसऱ्या दिवशी माकडाने वेफर्सचं पाकीट हिसकावलं. पोरगा अर्धा तास रडला, नवरा घोडेवाल्यावर उखडला, माझं डोकं दुखायला लागलं. आज तो मुलगा हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. त्या गोष्टीत माकड दर वेळी थोडं मोठं होतं.

वेळाचीही अशीच जादू आहे. क्लॉडिया हॅमंड या ब्रिटिश लेखिकेने तिला सुट्टीचा विरोधाभास म्हटलं आहे. सुट्टी चालू असताना भुर्रकन उडते आणि मागे वळून पाहिलं तर लांबलचक वाटते. कारण स्मृती दिवस मोजत नाही, नव्या गोष्टी मोजते. नेहमीच्या आठवड्यात लक्षात राहावं असं नवं फारसं काही घडत नाही, म्हणून सोमवार ते शनिवार एकाच घडीत बसतात. माथेरानच्या तीन दिवसांत घोडा, माकड, तांबडी धूळ, अनोळखी खाट, गिझर बंद, सूर्योदय, दरीकडे तोंड करून स्वतःच्या नावाने मारलेली हाक. घरी गॅलरीतून मी अशी हाक मारली तर शेजारी डॉक्टर बोलावतील. घरच्या फुरसतीने सुख मिळतं, कदाचित जास्तच मिळतं, पण तिच्या खुणा उरत नाहीत. सहलीत सुख मिळेलच असं नाही, पण नंतर सांगायला काहीतरी हाताशी लागतंच. कट्ट्यावरचे चार जण इतकी वर्षं जे सांगत आलेत, त्यातही बरंचसं सामान कुणीतरी कुठेतरी जाऊन आणलेलं असतं.

मग परक्या मुलखात वरणभात मागणाऱ्या पर्यटकाचं काय? एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली ठरावीक सहलींतल्या पर्यटकांबद्दल लिहिलं की ते आपल्या ओळखीच्या वातावरणाच्या बुडबुड्यात बसून परका देश पाहतात. आपल्याकडे हा बुडबुडा पोळी-भाजीचा असतो. युरोपच्या सहलीच्या जाहिरातीत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि घरचं जेवण या दोन गोष्टी आयफेल टॉवरच्या बरोबरीने छापतात. भटके, ट्रेकर आणि माझ्यासारखे पुस्तकी लोक त्याला नाकं मुरडतात. मीही मुरडली आहेत. पण शेजारच्या काकू सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर गेल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत भाजणी होती आणि मुक्कामाच्या खोलीत त्यांनी थालीपीठ लावायचाही प्रयत्न केला. नुसतं नवं कुणालाच झेपत नाही. एक हात घराच्या कठड्याला धरून दुसऱ्या हाताने जेवढं वाकता येईल, तेवढं माणूस वाकतो. कुणाचा हात लांब असतो, कुणाचा आखूड. कोहेननेही पुढे १९७९ साली पर्यटकांचे पाच प्रकार सांगितले. नुसत्या करमणुकीसाठी जाणाऱ्यापासून परक्या जागीच आयुष्याचा अर्थ शोधणाऱ्यापर्यंत. यांतले दोन-तीन प्रकार एकाच माणसात एकाच दिवशी सापडतात, असं माझं निरीक्षण आहे. सासूबाईंनी सकाळी चपलांचा भाव पाडला आणि दुपारी शार्लोट तलावाकाठच्या पिसरनाथाच्या देवळात त्या इतका वेळ डोळे मिटून बसल्या की आम्हाला त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही.

एक माणूस या सगळ्या हिशोबात राहून जातो. आपण ज्याला नेहमीच्या परिसराबाहेरचं म्हणतो, तो कुणाचा तरी नेहमीचा परिसर असतो. आमचा घोडेवाला चाळिशीचा, घाटाखालच्या वाडीत घर असलेला. त्याला पॅनोरमा पॉइंटचं काही नव्हतं. तो कड्याकडे पाठ करून घोड्याची नाल तपासत होता. परतीच्या वाटेवर लगाम धरून चालता चालता त्याच्याशी गप्पा झाल्या. मी विचारलं, “तुम्ही फिरायला कुठे जाता?”

“आम्ही कुठं जाणार ताई? पावसात धंदा जरा कमी असतो, तेव्हा बदलापूरला जातो मेहुण्याकडं. पोरं लय खूश असतात तिथं.”

“का, तिथे काय आहे?”

तो हसला. “रिक्षा आहे ना. पार दारापर्यंत येती. मागल्या खेपेला पोरं उतरायलाच तयार नव्हती. रिक्षावाल्याला म्हटलं, मार बाबा स्टेशनपर्यंत अजून एक फेरी. ट्रॅफिकमधी अडकलो अर्धा तास. धाकटी हॉर्न मोजत बसली होती.”

“किती झाले?”

“शंभराच्या पुढं तिला येत नाही मोजायला,” तो म्हणाला आणि घोड्याला वळणावर आतल्या बाजूला घेतलं.